एकतीस नोव्हेंबरचा खण

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्यात दागिने नाहीत, कपडे नाहीत, लोणच्याच्या बरण्याही नाहीत. माझ्यात अख्खं वर्ष आहे. बोळिंजहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावाचं छोटं वाचनालय आहे, तिथे मी भिंतीला टेकून उभी असते. माझ्यात प्रत्येक तारखेसाठी एक खण आहे आणि प्रत्येक खणात एक कार्ड. रोज सकाळी त्या दिवसाचं कार्ड काढायचं आणि व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगायचं, की गावाला दिनविशेष कळतो. चर्चमधली सकाळची मिस्सा संपवून येणारे, वाडीतून केळीची पानं घेऊन निघालेले, बसची वाट पाहणारे, सगळे दोन मिनिटं थांबून ते वाचतात. म्हणजे वाचायचे. आता सगळ्यांना ते फोनवर आयतं मिळतं. मिळू दे बापडं. फोनवर एकाच थोर माणसाचा जन्म वर्षातून तीन वेळा होतो, माझ्याकडे मात्र एकदाच होतो.

मला प्लासिड मास्तरांनी करवून घेतलं. ते इथल्या शाळेत शिक्षक होते. फणसाचं एक मोठं झाड वादळात पडलं होतं, त्याचं लाकूड घेऊन ते आत्माराम सुताराकडे गेले आणि म्हणाले, "तीनशे सहासष्ट खणांची पेटी कर." आत्मारामने बारा ओळी आखल्या, प्रत्येक ओळीत एकतीस खण केले आणि रंधा खाली ठेवला. मास्तर म्हणाले, "अरे, फेब्रुवारीला एवढे दिवस नसतात." त्यावर आत्माराम म्हणाला, "मास्तर, महिने लहान-मोठे करायला मी काय पंचांग हाय? सरळ लाकूड सरळ कापलं."

अशा रीतीने माझ्यात सहा खण जास्तीचे झाले. तीस फेब्रुवारी, एकतीस फेब्रुवारी, एकतीस एप्रिल, एकतीस जून, एकतीस सप्टेंबर आणि एकतीस नोव्हेंबर. जे दिवस कधी उगवतच नाहीत, त्यांचे खण. मास्तर आधी चिडले, मग खूप हसले आणि त्यांत खडूचे तुकडे, टाचण्या, चष्म्याचा स्क्रू असलं काहीबाही ठेवू लागले. मला मात्र ते खण कधीच आवडले नाहीत. बाकी सगळीकडे वर्षातून एकदा तरी हात पडतो, उजेड जातो. तिथे गार वाटायचं.

कार्डाच्या पुढच्या बाजूला मास्तर जगाचं लिहीत आणि मागच्या बाजूला गावाचं. पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली तो सोळा एप्रिल, आणि स्टॅनीच्या वाडीतल्या विहिरीला पाणी लागलं तोही सोळा एप्रिल. माणूस चंद्रावर उतरला त्या वीस जुलैलाच आमचा ग्लेन जांभळाच्या झाडावरून उतरण्याऐवजी पडला आणि हात मोडून बसला. मास्तर म्हणायचे, तारीख ही एक ओसरी आहे, तिथे राजाही बसतो आणि आपणही. पण गावाची नोंद करताना ते फार कडक होते. चर्चची बाप्तिस्म्याची वही दाखवा, नाहीतर डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणा. ऐकीव गोष्टीला माझ्यात जागा नव्हती.

आता एक जूनच्या कार्डाबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मास्तर तरुण असताना शाळेत नाव घालायला मुलं येत. ख्रिस्ती घरांतल्या मुलांची तारीख चर्चच्या वहीत असे. खाडीकडच्या शेतकरी घरांत तशी वही नव्हती. "कधी जन्मला?" विचारलं की आई सांगे, "भात कापत व्हतो तवा." आता भात कापताना म्हणजे कोणती तारीख लिहायची? शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून शिक्षक बिनदिक्कत एक जून लिहून टाकत. तुमच्या आजोबांचा कागद काढून पाहा, बहुतेक तिथेही एक जूनच निघेल. मास्तरांनी आपल्या हाताने एक्केचाळीस मुलांना असं एक जूनला जन्माला घातलं.

त्यातली एक सात वर्षांची मुलगी होती, श्रीपतची शकू. ती म्हणाली, "मास्तर, आमी एकेचाळीस जन एकाच दिवशी कशे जन्मलो?"

शकू पुढे वर्षभरातच शाळा सोडून शेतावर गेली, पण तो प्रश्न मास्तरांच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. पुढे मी तयार झाले तेव्हा त्यांनी एक जूनच्या कार्डामागे ती एक्केचाळीस नावं लिहिली आणि सायकल काढली. खाडीकडच्या घराघरांत जाऊन ते विचारत. तेव्हा कोणता सण होता, भरतीचं पाणी कुठवर आलं होतं, शेजारी कोणाचं लग्न होतं. खरा दिवस सापडला की एक जूनच्या कार्डावरच्या नावावर काट आणि त्या माणसाचं नाव त्याच्या हक्काच्या खणात. काट मारताना मास्तर गुणगुणत, इतका त्यांना आनंद व्हायचा.

शकूचा दिवसही सापडला, मित्रांनो. तो कुणाला कळला नाही, पण मला माहीत होता, कारण सगळं माझ्यासमोर घडलं.

शेजारच्या पाड्यातली ॲंजेला सुईण एका दुपारी वाचनालयात आली. तिला पक्कं आठवत होतं. चर्चमध्ये मृतांचा दिवस, म्हणजे दोन नोव्हेंबर, झाला त्यानंतर पाचव्या दिवशी तिने श्रीपतच्या बायकोला सोडवलं होतं. म्हणजे सात नोव्हेंबर, साल एकोणीसशे अठ्ठेचाळीस. मुलगी सकाळी झाली आणि तिची आई, भागी, त्याच दिवशी वारली. शकू जिला आई म्हणत होती, ती श्रीपतची दुसरी बायको होती. शकूला यातलं काही माहीत नाही, असं सगळे धरून चालले होते.

मास्तरांनी सात नोव्हेंबरचं कार्ड काढलं आणि पेन उघडलं. तेवढ्यात श्रीपत धापा टाकत आला. सुईण इकडे आल्याचं त्याला कळलं होतं. त्याने मास्तरांचा हात धरला.

"नका लिवू मास्तर. भागीचा दिवस आन् शकूचा दिवस एक हाय. एक लिवला तर दुसराही बाहेर येनार. माझ्या दुसरीनं तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली. तिला आता सावत्र ठरवू नका."

मास्तरांनी पेन बंद केलं. मग त्यांनी वचन दिलं. श्रीपत गेल्यावर त्यांनी एका चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या, चिठ्ठीची बारीक घडी केली आणि ती एकतीस नोव्हेंबरच्या खणात सारून वर कापसाचा बोळा दाबला. सात नोव्हेंबरचं कार्ड मागून कोरं राहिलं. पुढून ते चांगलं भरलेलं होतं. मादाम क्युरी यांचा जन्म, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म. मागे मात्र पांढरं फटक. माझ्या तीनशे सहासष्ट कार्डांत गावाचं काहीच नसलेलं ते एकटंच.

वर्षं गेली. एक जूनच्या कार्डावर चाळीस काटा पडल्या. श्रीपतची दुसरी बायको गेली, मग श्रीपतही गेला, पण गेलेल्या माणसाला दिलेलं वचन मागे घ्यायचं कसं, हे मास्तरांना कळेना. दर सात नोव्हेंबरला ते कार्ड टांगण्याआधी उलटं करून बघत आणि खाली मान घालून उभे राहत. मग तेही गेले. त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. तेव्हापासून वाचनालयाची चावी त्यांच्या मुलीकडे, रोझमेरीकडे आहे. तीही शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. मला पुसते, वाळवी बघते, कार्ड टांगते. वाचायला थांबणारे मात्र रोडावत गेले. वाचनालय समितीचा सेक्रेटरी ॲल्रॉय हा चांगला पोरगा आहे, पण माझ्याकडे तो अडगळीकडे बघावं तसा बघायचा. "आंटी, हे सगळं मोबाईलवर येतं ना. ह्या पेटीच्या जागी एक मस्त कॉम्प्युटर टेबल बसेल," असं तो दर बैठकीला म्हणायचा. मला राग यायचा, पण लाकडाच्या रागाला विचारतो कोण.

गेल्या वर्षी एक जूनला शकूबाय वाचनालयात आली. पंचाहत्तरी उलटलेली, पाठीत वाकलेली, नातवाच्या, प्रितेशच्या मोटारसायकलवर बसून. प्रितेश कामणला गोदामात नोकरीला आहे, तो तिला सोडून गेला. तिने टांगलेलं कार्ड उलटं करून घेतलं. एक्केचाळीसपैकी एकच नाव बिनकाटेचं होतं.

"मीच राहिले गं," ती रोझमेरीला म्हणाली. "तुझा बाप बोलला व्हता, शकू, तुझा दिवस शोधून देईन. आता माझं लय झालं बघ. डोळे गेले, गुडघे गेले, खानं गोड लागत नाय. जायला तयार हाय मी. पन माझा यायचा दिवसच कोनाला ठावं नाय, तर जायचा दिवस मला कसा गावनार? यमाला काय तो एक जूनचा कागद दाखवू?"

ती हसली, पण रोझमेरी हसली नाही. शकूबायला खरंच तसं वाटत होतं, की आपण दारातच अडकलो आहोत आणि आत घ्यायला कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुलूप उघडायच्या आधी, जाळीतून नुकता उजेड येत होता तेव्हा माझ्यावर बोटं फिरली.

मित्रांनो, मी घाबरले. खोलीत कोणी नव्हतं. पण बोटं होती. त्यांना खडूचा वास होता आणि उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. लहानपणी कोयता लागून चिरलेलं ते नख माझ्या कडांना हजारो वेळा घासून गेलं होतं. ते मी कशी विसरेन? बोटं अकराव्या ओळीवर आली, सातव्या खणाशी थांबली आणि त्यांनी कार्ड ओढून घेतलं. रोझमेरी आली तेव्हा व्हरांड्यातल्या खिळ्याला सात नोव्हेंबर टांगलेलं होतं. जून महिन्यात. कोरी बाजू रस्त्याकडे करून.

तिला वाटलं, आदल्या दिवशी आपलीच काही गडबड झाली. तिने कार्ड परत ठेवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशीही. तिने ॲल्रॉयला झापलं. तो शपथेवर सांगू लागला, "आंटी, मी नाही केलं, प्रॉमिस." मग तिने कुलूप बदललं. नवं कुलूप सकाळी जसंच्या तसं होतं आणि कार्ड बाहेर होतं. ॲल्रॉय एकटा आत येईनासा झाला. फादरांना बोलावून त्याने माझ्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. त्याने माझं लाकूड थोडं फुगलं, बाकी काही नाही. अर्नाळ्याच्या एका होडीवाल्याने तर ती तारीख ऐकून ठरवलं की यंदा सात नोव्हेंबरला दर्यात जायचंच नाही. लोक कार्ड वाचायला पुन्हा थांबू लागले, पण रस्त्याच्या पलीकडून.

मला ओरडून सांगावंसं वाटे, अगं रोझमेरी, कार्ड नको बघू, त्या ओळीच्या शेवटच्या खणात बघ. पण माझ्या एवढ्या खणांत आवाजाला एकही खण नाही. फार असहाय वाटायचं.

ऑक्टोबरच्या एका सकाळी बोटांनी कार्ड काढलं आणि ती थांबली. मग ओळीवरून हळूहळू पुढे सरकत शेवटच्या खणापाशी आली. त्या खणातला बोळा मला चिमटा घेतल्यासारखा बाहेर ओढला गेला. रोझमेरीने दार उघडलं तेव्हा तो जमिनीवर पडला होता. तिने खणात बोट घालून चिठ्ठी काढली, चष्मा पुसला आणि उभ्याउभ्याच वाचली.

"शकू श्रीपत, जन्म सात नोव्हेंबर १९४८. त्याच दिवशी तिची आई भागी वारली. साक्ष ॲंजेला सुईण. वचन दिले आहे म्हणून लिहीत नाही. देवा, मला क्षमा कर."

रोझमेरी माझ्याशेजारी खाली बसली आणि रडली. मग तिने चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. शकूबायला लगेच सांगितलं नाही. मला तिचा राग आला होता, पण आज कळतं. सांगावं, तर म्हातारीची आई पंचाहत्तर वर्षांनी दुसऱ्यांदा मरणार. शिवाय दिवस सापडला की शकूबाय निघणार, ही भीती होतीच. न सांगावं, तर ती तशीच दारात अडकलेली. रोज सकाळी ती कार्ड परत खणात ठेवायची आणि हळूच म्हणायची, "पप्पा, थांबा ना थोडं."

सात नोव्हेंबर उजाडला. कार्ड खिळ्याला होतंच. पण त्या दिवशी ते चुकीचं नव्हतं. रोझमेरीने पर्समधून चिठ्ठी काढली आणि प्रितेशला फोन लावला.

शकूबाय आली. तिला खुर्चीवर बसवून रोझमेरीने चिठ्ठी वाचून दाखवली. शकूबाय ऐकत होती. मग तिने विचारलं, "सकाळी की सांजचं?"

"सकाळी," चिठ्ठीच्या मागे लिहिलेला एक शब्द वाचून रोझमेरी म्हणाली. "शकूबाय, तुझी आई..."

"ती माझी सख्खी नव्हती, ते मला ठावं हाय. तिनंच सांगितलं मरताना. बोलली, बापाला कळू देऊ नको, त्याला वाईट वाटेल. मी कोनाला बोलले नाय. पन दिवस तिलाही ठावं नव्हता." तिने पदराने डोळे टिपले. "म्हंजे सगळ्यांना ठावं व्हतं आन् सगळे एकमेकांपासून लपवत बसलो. येडी मानसं आपुन."

रोझमेरीने पेन उघडलं. शकूबाय म्हणाली, "आदी आयचं नाव लिव. ती गेली म्हनून मी आले." कोऱ्या बाजूवर आधी भागीचं नाव पडलं, त्याखाली शकूचं. मग एक जूनचं कार्ड निघालं आणि एक्केचाळिसावी काट पडली. प्रितेशने आजीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "हॅपी बर्थडे आजी." ॲल्रॉय पलीकडच्या बेकरीतून केक घेऊन आला. त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन टेकला. पुढची बाजू वाचून दाखवल्यावर शकूबाय म्हणाली, "हा रामनसाहेब माझ्याच दिवसाचा? चांगला शिकलेला दिसतो."

निघताना तिने मला हात लावला. अक्षरं ती विसरली होती, पण मोजता येत होतं. रोझमेरीने तिला दाखवलं, वरून खाली महिने, डावीकडून उजवीकडे दिवस. तिने बोटाने अकरा ओळी मोजल्या, मग सात खण. तिच्या पहिल्या बोटाच्या मुळाशी विळ्याने पडलेला जाड घट्टा होता. "गावला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडूचा वास आला नाही. नंतरही कधी आला नाही. खरं सांगू का, मला त्या चिरलेल्या नखाची सवय झाली होती. मला चुकल्यासारखं वाटत राहिलं.

हिवाळा गेला. फेब्रुवारी सरत आला. एका सकाळी, दार उघडायच्या आधी, जाळीतून उजेड येत होता तेव्हा माझ्यावर पुन्हा बोटं फिरली. मी आनंदले. पण नख चिरलेलं नव्हतं. बोटाच्या मुळाशी घट्टा होता.

बोट वरून दुसऱ्या ओळीवर आलं. मग डावीकडून मोजू लागलं. एक, दोन, तीन. कुठेही घाई नाही. मीही मनात मोजत होते. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. तिथे ते थांबलं आणि त्याने कार्ड अलगद काढून घेतलं.

साडेआठला रोझमेरी आली. कुलूप हातात धरूनच तिने खिळ्याकडे पाहिलं. अठ्ठावीस फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, रामन परिणामाचा शोध जाहीर झाला तो दिवस. तारीख बरोबर होती, आजचीच होती. फक्त ती आधीच टांगलेली होती. थोड्या वेळाने प्रितेशची मोटारसायकल येऊन थांबली. तो काही बोलायच्या आत रोझमेरी म्हणाली, "मला कळलं रे. बस आधी." मग तिने कार्ड उलटं करून त्यावर लिहिलं, शकूबाय आज गेली.

मित्रांनो, आता समितीने मला हलवायचं नाही असं ठरवलंय. ॲल्रॉयनेच मला नवं पॉलिश करून दिलं. पण मला तेवढं पुरत नाही. तुमच्या घरात जे कोणी म्हातारं माणूस असेल, त्याच्याजवळ आज जाऊन बसा आणि विचारा, तुझा खरा दिवस कोणता? भात कापत होते की पेरत होते, भरती होती की ओहोटी, सकाळ होती की संध्याकाळ? जे सांगेल ते लिहून ठेवा आणि मला आणून द्या. एकतीस एप्रिल आणि एकतीस जून या खणांत मास्तरांनी दाबून बसवलेले आणखी दोन कापसाचे बोळे आहेत. त्यांच्यामागेही अशाच चिठ्ठ्या आहेत, त्यांत काय लिहिलंय ते मला माहीत आहे. आणि काल सकाळपासून त्यांतला एक बोळा हलतो आहे.